शनिवारचा डबा

३ ऑगस्ट

ती. वन्सं यांस भावजयीचा सा. न. वि. वि.

इकडे सुखरूप पोचले. खोली म्हणजे चार खाटा, चार पेट्या आणि एक खिडकी, तीही रुग्णालयाच्या धोबीखान्यावर उघडणारी. दिवसभर ओल्या चादरींची वाफ येते. कामावर हजर झाले त्याच दिवशी मोठ्या आचाऱ्याने दोनशे चाळीस ताटांचा तक्ता हातात दिला आणि आहाराच्या बाई म्हणतात त्या तुम्हीच का, असं विचारलं. माझ्या पदवीबद्दल शंका नव्हती, उंचीबद्दल होती. इथल्या पातेल्यात डोकवायला मला स्टूल लागतं.

भिंगरीला तुमच्याकडे ठेवून निघाले तेव्हा मागे वळून पाहिलं नाही. तुम्हाला राग आला असेल. पाहिलं असतं तर बस सुटली असती आणि नोकरीही सुटली असती. हे गेल्यापासून दीड वर्ष मी कशी काढली ते तुम्ही पाहिलंच आहे. एप्रिलमध्ये इथे दोन खोल्यांचं घर मिळेल, तोवर वसतिगृहात मूल चालत नाही.

वकीलकाकांसमोर ठरलंय ते माझ्या लक्षात आहे. परीक्षा संपली की काका तिला एकदाच विचारतील, आईकडे की आत्याकडे, आणि ती म्हणेल तिथे राहील. तुम्ही ही अट घातलीत तेव्हा, रागावू नका, मला हसू आलं होतं. पण शब्द दिला तो दिला.

मागणं एकच आहे, तिचा डबा. वर्षभर मी रडण्यात घालवलं आणि पोर शाळेबाहेरच्या टपरीवरचं तळकट खात राहिली. आता ते नको. सोबत सोमवार ते शुक्रवारची यादी जोडली आहे. उकडलेले चणे आणि काकडी, अंडं आणि पालक, मोड आलेले मूग आणि गाजर, भाज्या घालून भात, मक्याचे दाणे आणि बीट. प्रत्येकाचं वजन आणि सोबतचं फळ पुढे लिहिलं आहे. कृपा करून यादीबाहेर जाऊ नका. शनिवार मात्र तुमच्या मनाचा.

लोभ आहेच, त्याला दृष्ट लागू देऊ नका.

आपली,
भावजय

---

१९ ऑगस्ट

चि. वहिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पत्राहून लांब तुझी यादी, दोन्ही मिळालं. यादी ओट्यावरच्या भिंतीला चिकटवली आहे, माझ्या मापांच्या वहीच्या वर. आम्ही आपली पोट भरेल ते खाऊ घालणारी माणसं. चणे किती ग्रॅम आणि गाजराची फोड किती जाड, हे आमच्या घरात कधी कुणी मोजलं नाही. मी मोजते ती कंबर, बाह्या आणि उंची. पण तू शिकलेली, तेव्हा तुझंच खरं. यादीबाहेर एक कण जाणार नाही, याची हमी घे.

आणि माझ्या हातच्या चवीबद्दल तू दवाखान्याच्या जिन्यात चारचौघांसमोर काय ते बोललीच आहेस. तेव्हापासून मी स्वयंपाकात हात राखूनच असते.

गणवेशांचा हंगाम आहे. सदुसष्ट फ्रॉक शिवून झाले, तीस बाकी आहेत. भिंगरी मशीनखाली चिंध्यांत बसून बाहुल्या करते, मध्येच उठून गोल गोल फिरते आणि चक्कर येऊन कापडाच्या ढिगावर पडते. नाव कुणी ठेवलं होतं तिचं, माझ्या भावानेच ना? शोभतं हो. झोपताना तुझी आठवण काढते का, ते तू विचारलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही.

प्रकृतीला जप. माया आहे तेवढीच राहू दे, वाढवायची घाई नको.

तुझी नणंद

---

११ सप्टेंबर

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

तुमचा टोमणा बरोबर जागी लागला. विचारलं नाही कारण उत्तर वाचायचं धैर्य नव्हतं. आता विचारते. माझी आठवण काढते का? काढत असेल तर लिहा आणि नसेल तरी काढते असंच लिहा.

इथली गंमत सांगते. आमच्या मुदपाकखान्यात सगळं बिनमिठाचं शिजतं. दोनशे चाळीस जणांत कुणाला मीठ वर्ज्य, कुणाला निम्मं, कुणाला पुरेपूर, मग पातेल्यात घालणार कसं? म्हणून दारात एक बाई बसते. तिच्यापुढून एकेक ताट जातं, ती रोग्याचं कार्ड बघते आणि ताटाच्या कडेला मिठाची पुडी ठेवते किंवा ठेवत नाही. सगळे तिला महाराणी म्हणतात. माझ्या तक्त्यात मीठ लिहायचंच नसतं, तो तिचा प्रांत. परवा तिने सुपरिंटेंडंटच्या ताटाला पुडी ठेवली नाही. त्यांनी विचारलं तर म्हणाली, चेहरा बघून ठरवलं. आम्ही पोट धरधरून हसलो.

भिंगरी डबा संपवते ना? सुरुवातीला तोंड वेडंवाकडं करेल. लाड करू नका. आठ वर्षांची जीभ, पंधरा दिवसांत वळते. एकदा चांगल्या खाण्याची सवय लागली की जन्माचं कल्याण. थंडीसाठी दुसरी यादी पाठवते आहे. आणि तिला सांगा की रोजचा डबा आईनेच ठरवलेला असतो. तेवढंच मी तिच्याजवळ असल्यासारखं वाटेल.

तुमचे कष्ट मला दिसतात, कमी लिहिलं तरी जास्त समजा.

आपली,
भावजय

---

६ नोव्हेंबर

चि. वहिनीस अ. उ. आ.

सांगितलंस तसं केलं. रोज सकाळी डब्याचं झाकण लावताना तिला सांगते, बघ हं, हे तुझ्या आईने पाठवलंय, अगदी तिला आवडतं तस्संच. पोर मान डोलावते आणि दप्तरात ठेवते.

डबा अर्धाअधिक परत येतो. तू लाड करू नका म्हणालीस, म्हणून केले नाहीत. परत आलेलं मी गायीला घालते, तीही हुंगून विचार करते. शनिवारी मात्र चाटूनपुसून डबा रिकामा. शनिवार माझ्या मनाचा ना! ती आता गुरुवारपासूनच शनिवार मोजते. आठवड्यात पाच दिवस तू आणि एक दिवस मी, इतकं झुकतं माप तुला दिलंय, तरी तक्रार करशील.

तिच्या फ्रॉकला कमरेत दोन बोटं आत घेतली आणि बेल्टला एक भोक जास्त पाडलं. उंच होतेय म्हणून असेल. आताशा फिरत नाही, शांत बसते. मोठी होतेय हो लेक तुझी. आठवण काढते असं लिहा म्हणालीस, तर लिहिते, आठवण काढते. दुपारच्या सुट्टीत रोज काढत असणार.

पत्र मिळाल्याचं कळव. आहे तो जिव्हाळा जपून वापर.

तुझी नणंद

---

२ फेब्रुवारी

ती. आईस भिंगरीचा नमस्कार.

आज बाईंनी वर्गात सगळ्यांना एकेक पाकीट दिलं आणि घरच्या माणसाला पत्र लिहा म्हणाल्या. बाईच पेटीत टाकणार आहेत. मी तुला लिहितेय कारण आत्या घरीच असते.

मला गणितात वीसपैकी अठरा मिळाले. माझा एक दात पडला. आत्याने मला चिंध्यांची रजई शिवली, तिच्यात सगळ्या मुलींच्या फ्रॉकचे तुकडे आहेत.

आई, तुला राग येणार नसेल तर एक विचारू? तुझ्या डब्याला काहीच चव का नसते? चणे मातीसारखे लागतात. अंडंपण. माझ्या शेजारच्या मुलीने एकदा माझा भात खाल्ला आणि थुंकला. ती म्हणाली, यात मीठच नाही. मग सगळी मुलं मला पेशंट म्हणायला लागली. मी आत्याला म्हटलं, जरासं मीठ घाल ना. आत्या म्हणाली, नको बाई, तुझ्या आईने लिहिलेलं नाही, तिला मीठ मुळीच आवडत नाही, मिठाने माणसं मरतात असं ती म्हणते. मग मी हट्ट केला नाही. मी रोज थोडं तरी खाते, कारण तू पाठवलेलं असतं. पण सगळं नाही जात.

तुझ्याकडे आले की रोजच असा डबा असेल का? शनिवारीपण? आत्याला विचारलं तर ती म्हणाली, तिकडे आत्या नाही तर शनिवार कुठला?

जागा संपली. मला विसरू नकोस, मी पण नाही.

तुझी लाडकी
भिंगरी

---

९ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, तरी लिहिते.

भिंगरीचं पत्र आलं. तुम्ही सहा महिने माझ्या पोरीला अळणी खाऊ घातलंत? मी पत्र घेऊन धोबीखान्याच्या मागे गेले आणि गुरासारखी ओरडले. मीठ मी लिहिलं नाही, कारण मी इथे कुठेच लिहीत नाही. हातच लिहायचा विसरलाय. महाराणीची गंमत मी तुम्हालाच तर लिहिली होती! तेव्हा तरी तुम्हाला कळलं असेल. आणि घरात चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला भातात मीठ घाल, हे कुणी लिहून द्यावं लागतं का? तुम्हाला सगळं कळत होतं. पोर वाळत होती आणि तुम्ही टेप घेऊन मोजत होतात.

माझा सूड घ्यायचा होता, तर घ्या. त्याचं कारणही मला माहीत आहे, म्हणून आज सगळं सांगून टाकते. हे गेले त्या दिवशी त्यांच्या उशीखाली खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी सापडली. जिन्यात सगळ्या माणसांसमोर मी ओरडले की बहिणीने मीठ चारून भावाला मारलं. आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. मूत्रपिंडं महिनाभर आधीच कामातून गेली होती, मूठभर दाण्यांनी काही कमीजास्त झालं नसतं, असं ते म्हणाले. मी तुम्हाला सांगितलं नाही. आधी लाज वाटली, मग वेळ गेली. आणि खरं लिहू? कुणावर तरी राग धरल्याशिवाय माझा दिवस उजाडत नव्हता. तुम्ही आयत्या सापडलात. चूक माझी आहे. तुमचे पाय धरते, लाथ मारा. पण त्या पोरीने काय केलंय तुमचं?

मला एप्रिलपर्यंत रजा नाही. उद्यापासून डब्यात मीठ घाला आणि तिला खरं सांगा.

आपली,
भावजय

---

१७ फेब्रुवारी

चि. वहिनीस आशीर्वाद, शिल्लक असतील तेवढे.

तुझ्या दोन्ही याद्या भिंतीवरून काढून पुढ्यात ठेवल्या आहेत. मीठ कुठे नाही. यादीबाहेर जाऊ नका, हे मात्र अक्षर ठळक करून लिहिलंस. तरीही चुकून झालं असं मी म्हणणार नाही. पहिल्या दिवशी बरणी उघडून चिमूट हातात घेतली होती. मग जिना आठवला आणि चिमूट परत टाकली. दुसऱ्या दिवशी बरणी उघडलीच नाही. पोर पहिल्यांदा डबा तसाच घेऊन आली तेव्हा मी मोरीत जाऊन रडले, हेही ऐकून ठेव. मग डोळे धुतले आणि दुसऱ्या दिवशीचे चणे भिजत घातले.

आता तुझ्या डॉक्टरांचं. तुला आठव्या दिवशी कळलं आणि मला आज. मधले चोवीस महिने मी काय केलं सांगू? मशीनवर बसले की दाणे मोजायची. छत्तीस होते. मी स्वतः सोललेले, मोजून बांधलेले. तो म्हणाला होता, ताई, एकदा तोंडाला चव येऊ दे गं. म्हणून दिले. तू जिन्यात ओरडलीस तेव्हापासून माझे पाय धरून चालणारं, माझ्या कडेवर वाढलेलं ते पोर मी माझ्या हाताने मारलं, हे धरूनच जगले. गल्लीतल्या दोन घरांनी माझ्याकडचं पाणीसुद्धा घेणं सोडलं. आणि तुझ्याकडे एका वाक्याचं औषध होतं, ते तू राग टिकावा म्हणून दडवून ठेवलंस. मी सहा महिने मीठ दिलं नाही, वहिनी. तू दोन वर्षं झोप दिली नाहीस.

मीठ घाल म्हणतेस? घालते ना, उद्यापासून. पण त्याचं काय होईल ते कळतंय का तुला? डब्याला चव आली की ती म्हणेल, आत्याने घातलं. मी नाही म्हणणार नाही. खरं सांग म्हणतेस? तेही सांगते, पण मग सगळंच. तिचा डबा मी मुद्दाम बिघडवला, हे सांगेन, आणि तू मला काय म्हटलंस, का म्हटलंस आणि काय लपवलंस, तेही सांगेन. आठ वर्षांच्या मुलीला एकाच बैठकीत आई आणि आत्या दोघींचं खरं तोंड दाखवू. मग ती कुणाकडे राहील ते वकीलकाकांना ठरवू दे. तुला पटत असेल तर कळव.

माझा लोभ मागू नकोस आता.

नणंद

---

२२ मार्च

ती. वन्सं यांस सा. न.

महिनाभर विचार केला. तिला काही सांगू नका. बापाच्या आठवणीत तिला एक उशी आणि एक पुडी कशाला द्यायची? माझ्यापाशी आहे तेवढं पुरे.

वकीलकाकांचं पत्र आलं. शनिवार, पाच एप्रिल. त्या दिवशी शेवटचा पेपर, डबा न्यायचा आहेच. मी शुक्रवारी संध्याकाळी पोचते. काकांना मी मोडता घातला तर पोर माझी आहेच, मला ओढून नेता येईल, हे ठाऊक आहे. पण मी पहाटे साडेचारला कामावर जाणार. मागे राहिलेल्या मुलीने दाराकडे बघत तुमचं नाव घेत रडायचं असेल, तर मी तिला नेलं असं कसं म्हणू?

एवढंच मागते. त्या सकाळी स्वयंपाकघर माझ्या एकटीच्या हाती द्या. एक डबा मला माझ्या हाताने करू द्या.

बाकी समक्ष.

आपली,
भावजय

---

८ एप्रिल

ती. आईस भिंगरीचा नमस्कार आणि पापा.

तू गेल्यावर आत्याने मशीन चालवलंच नाही. नुसती बसून होती. मी विचारलं तर म्हणाली, कंबर धरली आहे.

आई, तू माझ्यावर रागावलीस का? काका मला बागेत घेऊन गेले आणि म्हणाले, खरं खरं सांग, कुणाला वाईट वाटेल असा विचार करू नकोस. मी म्हटलं, मला आई खूप आवडते, पण मला आत्याकडे राहायचंय. काका म्हणाले, का गं? मी सांगितलं, आईकडे रोज आईचा डबा असेल. ते हसले, मग त्यांनी चष्मा पुसला.

त्या दिवशी मी उठले तेव्हा डबा भरून तयारच होता, आणि कसला भारी होता! मी बोटंसुद्धा चाटली. चण्यांना कांदा, लिंबू, सगळं होतं आणि मीठ अगदी बरोब्बर. शनिवार होता ना, आणि शेवटचा पेपर, म्हणून आत्याने जास्तच छान केला असणार. मी पळत येऊन आत्याला मिठी मारली ते तू बघितलंस. तू म्हणालीस, अगं, मी केला होता. मला हसूच आलं. तू गंमत करत होतीस, मला कळलं, कारण तुझ्या डब्यात मीठ कुठे असतं? हल्ली असतं ते आत्या घालते. मी आत्याकडे बघितलं, तर ती आत निघून गेली. मग तूपण हसलीस.

तुला बसमध्ये खायला जो डबा दिला ना, तो आत्याने नाही केला. मी केला! पहिल्यांदाच, एकटीने. चणे उकडले, गाजराच्या फोडी केल्या, तुझ्या यादीत होत्या तेवढ्याच जाड. आत्याने मिठाची बरणी पुढे केली होती. ती म्हणाली, घाल गं बाळा, घाल थोडं. मी घेतलीच नाही. मी म्हटलं, आईला नाही आवडत. एक कणपण घातला नाही, आई. तुला आवडतं तस्संच केलं. आवडलं ना?

मला सुट्टीत न्यायला ये. मी आठ दिवस राहीन आणि तुझा डबापण खाईन, सगळा.

तुझी लाडकी
भिंगरी

---

१५ एप्रिल

चि. भिंगरीस आईचे अनेक आशीर्वाद आणि खूप पापे.

तुझं पत्र मिळालं. मी रागावलेले नाही. काकांना तू खरं सांगितलंस, ते चांगलं केलंस.

नवं घर मिळालं. दोन खोल्या आहेत, मी एकच वापरते. सुट्टीत येशील तेव्हा दुसरी उघडू. आत्याला कंबर शेकायला सांग आणि तिच्या मशीनमध्ये दोरा ओवून देत जा, तिला आता जवळचं दिसत नाही.

डबा बसमध्येच उघडला. शेजारच्या बाईंनी चणे मागितले, मी दिले नाहीत. म्हटलं, माझ्या मुलीने केलेत. सगळे संपवले, गाजरसुद्धा, आणि डबा पाण्याने विसळून ते पाणीही प्यायले. फार छान झाला होता, बाळा. मला असंच आवडतं.

तुझी माया पोचली. अशीच पाठवत जा.

तुझी आई